साक्ष : अण्णासाहेब लठ्ठे यांचे जीवन आणि लेखन

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडी भागाला एका बाजूने रेल्वेमार्ग आणि दुसऱ्या बाजूने जालना रस्ता लागून आहे. पलीकडे चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत पसरली आहे. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून शिकायला किंवा कामाला आलेली मुले या भागात दोघे-तिघे मिळून एखादी खोली भाड्याने घेतात, डबा लावतात आणि शहराशी आपली गाठ बांधतात. अनामत भरली की किल्ली मिळते. मात्र किल्ली देण्यापूर्वी घरमालकाने आडनाव, गाव आणि खाणेपिणे विचारून घ्यायचे, ही रीत या शहरातूनच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरातून पुरती गेलेली नाही. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांकडे अशा भाड्याच्या खोल्या आहेत, त्यामुळे ही रीत त्यांना सांगावी लागत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वी खोलीचा प्रश्न हाच शिक्षणाचा प्रश्न होता. शाळा शहरात, विद्यार्थी खेड्यात, आणि शहरात त्याला कोणाच्या पंक्तीला जेवता येईल हे त्याच्या जातीवरून ठरणारे. हा प्रश्न दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजासाठी ज्यांनी हाती घेतला, त्याचे उत्तर शोधताना ज्यांच्या हातून एक चूकही घडली, आणि ज्यांनी पुढे त्या साऱ्या काळाचा इतिहास स्वतः लिहून ठेवला, ते दिवाण बहादूर अण्णासाहेब लठ्ठे. मराठवाड्यातील जैन कुटुंबांना हे नाव ऐकून माहीत असते. सांगलीची लठ्ठे एज्युकेशन सोसायटी अनेकांना ठाऊक असते. त्या नावामागचा माणूस मात्र फारसा परिचित नाही.

यामागे एक साधे कारण आहे. मराठवाड्यातील जैन कुटुंबांत राजस्थान-गुजरातकडून व्यापारानिमित्त येऊन स्थिरावलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्या जोडीला येथील सैतवालांसारखा पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारा वर्गही आहे. या घरांतून दुकान, आडत आणि पेढी यांचे वळण. कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव या पट्ट्यातील जैन समाज मात्र मुख्यतः शेतकऱ्यांचा. चतुर्थ आणि पंचम जैनांची घरे नांगर, मोट आणि गुऱ्हाळ यांवर चालत आलेली. गावची पाटीलकी अनेक घरांत होती, पण अक्षरओळख थोडी आणि इंग्रजी शिक्षण तर नाममात्र. ‘जैन’ म्हटले की डोळ्यांपुढे वही-खाते घेऊन बसलेला शेठ येतो, तो त्या भागात येत नसे.

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म अशाच वातावरणात १८७८ साली कुरुंदवाड येथे झाला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे छोटे संस्थानी गाव. पुढे उच्च शिक्षण घेऊन ते एम. ए. झाले, नंतर कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. त्या काळी त्या समाजात असे शिक्षण घेतलेला तरुण बोटांवर मोजण्याइतकाही नव्हता. अशा तरुणापुढे सरकारी नोकरीची वाट मोकळी होती. लठ्ठे यांनी नोकरी केली, पण तिच्याआधी आणि तिच्यापेक्षा अधिक त्यांनी सभा केल्या.

१८९९ साली निपाणीजवळच्या स्तवनिधी क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. लठ्ठे तेव्हा अवघे विशीचे होते आणि सभेच्या आरंभीच्या कर्त्या मंडळींत होते. यात्रेला जमणारा समाज देवदर्शन करून परत जाई. त्याच समाजाला तेथेच बसवून शाळा, वसतिगृह, मुलींचे शिक्षण, लग्नातील उधळपट्टी यांविषयी बोलायला लावणे ही सभेची कल्पना. सभेचे मुखपत्र ‘प्रगती’ पुढे ‘जिनविजय’शी जोडले गेले आणि ‘प्रगती आणि जिनविजय’ या नावाने घराघरांत गेले. त्याआधीच सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८०च्या दशकात ‘जैन बोधक’ सुरू केले होते. धर्मग्रंथ छापावेत की नाहीत, छापल्याने त्यांचा अविनय होतो की काय, असे वाद तेव्हा खरोखर रंगत असत. म्हणजे सोलापूरकडून व्यापाऱ्याची लेखणी आणि कोल्हापूरकडून शेतकऱ्याच्या शिकलेल्या मुलाची लेखणी, अशा दोन बाजूंनी मराठी जैन पत्रकारिता उभी राहिली. आज हातात कौटुंबिक मासिक घेऊन बसणाऱ्या वाचकाने हे मूळ ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१९०५ साली लठ्ठे यांनी ‘ॲन इंट्रोडक्शन टू जैनिझम’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. वय सत्तावीसही पूर्ण नव्हते. जैन धर्म ही बौद्ध धर्माचीच एक शाखा होय, असे युरोपातील काही पंडितांनी एकेकाळी ठामपणे लिहून टाकले होते. जर्मन विद्वान हर्मन याकोबी यांनी १८७९ मध्ये कल्पसूत्राची आवृत्ती आणि १८८४ मध्ये आगमांचे इंग्रजी भाषांतर सिद्ध करताना बौद्ध ग्रंथांतीलच पुरावे पुढे ठेवून हा समज खोडून काढला. तथापि विद्वानांच्या ग्रंथांत खोडलेली गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आणि सरकारी कागदांत पुढे कित्येक वर्षे तशीच राहते. इंग्रजी शिकलेल्या जैन मुलाला स्वतःच्या धर्माविषयी इंग्रजीत वाचायला मिळेल असे घरच्या माणसाने लिहिलेले काहीतरी हवे होते. लठ्ठे यांनी ते दिले. त्यांच्या इतिहासलेखनाची ही पहिली पायरी. या लेखनाला चळवळीची कड होती: आपण कोण, हे दुसऱ्याने सांगण्यापूर्वी आपणच पुराव्यानिशी सांगावे.

याच काळात ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत आले. राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक आणि नंतर संस्थानचे शिक्षणाधिकारी म्हणून त्यांनी काम पाहिले. गादीवर राजर्षी शाहू महाराज होते. १९०२च्या २६ जुलैच्या आज्ञेने महाराजांनी संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या होत्या. पण जागा राखल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसे हवीत, आणि ती शिकायची तर त्यांना शहरात राहायला जागा हवी. म्हणून महाराजांनी एकामागून एक वसतिगृहांना जमीन, इमारत आणि वार्षिक मदत दिली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांची निरनिराळी वसतिगृहे उभी राहिली. जैन वसतिगृहाचा कारभार सभेच्या वतीने पाहणाऱ्यांत लठ्ठे प्रमुख होते.

येथे एक विद्यार्थी राहत होता. कुंभोजला जन्मलेला, ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातला, अंगाने धिप्पाड, अभ्यासात यथातथा आणि स्वभावाने अत्यंत हट्टी. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

१९०८ साली महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला देण्यात आले. भाऊराव त्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आला. त्याच्या चरित्रांतून सांगितली जाणारी हकिकत अशी की, परतल्यावर त्याला स्नान करून मगच आत येण्यास सांगण्यात आले. त्याने स्नान करण्यास साफ नकार दिला. वसतिगृहाचा नियम मोडला म्हणून त्याला वसतिगृहातून काढून टाकण्यात आले, आणि हा निर्णय देणारे गृहस्थ होते अण्णासाहेब लठ्ठे.

ही घटना समाजाच्या मासिकात सांगताना तिची धार बोथट करण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. त्या काळी पालक आपल्या मुलांना अशा वसतिगृहात पाठवताना सोवळ्याओवळ्याची खात्री करून घेत. एक नियम सैल केला तर दहा मुले घरी परत जातील आणि वसतिगृहच बंद पडेल, ही भीती खोटी नव्हती. लठ्ठे यांच्या निर्णयामागे दुष्टावा नव्हता, व्यवस्थापकाची काळजी होती. तरीही तो निर्णय चुकीचा होता, आणि तो आपल्याच शास्त्राच्या कसोटीला उतरणारा नव्हता. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आठ मदांमध्ये जातीचा मद गणला आहे, आणि सम्यग्दर्शनाने संपन्न असा चांडाळही देवांनी पूज्य मानलेला असतो असे सांगितले आहे. हा ग्रंथ घराघरांत आहे. ज्या गृहस्थाने जैन धर्माची ओळख इंग्रजीत करून दिली, त्याला हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. ठाऊक असणे आणि उंबऱ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आत घेणे, या दोहोंमध्ये अंतर होते.

काढून टाकलेल्या भाऊरावाला शाहू महाराजांनी आपल्या आश्रयाला ठेवून घेतले. मॅट्रिक मात्र त्याला होता आले नाही.

आता पुढची घटना. १९१४ साली कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले. ब्रिटिश साम्राज्याच्या दृष्टीने हा राजद्रोह. संस्थानच्या दृष्टीने तर जिवावरचे संकट, कारण संस्थानिकाची गादी रेसिडेंटच्या मर्जीवर टिकलेली. अपराधी तातडीने हवा होता. दरबारातले हेवेदावे, समाजातले मतभेद आणि पोलिसांची घाई एकत्र आली आणि संशयाचे बोट लठ्ठे यांच्याकडे वळवण्यात आले. वळवलेले बोट सिद्ध करायला साक्षीदार लागतो. पोलिसांना तो सहज सुचला: ज्याला लठ्ठे यांनी वसतिगृहातून हाकलले होते तो भाऊराव पाटील. त्याच्या मनात राग असणार, तो आनंदाने बोलेल, असा हिशेब.

व्यवहार जाणणाऱ्या कोणालाही हा हिशेब पटण्यासारखा आहे. तो चुकला. लठ्ठे यांनी पुतळ्यांना डांबर फासायला लावले, अशी साक्ष देण्यास भाऊरावांनी नकार दिला. आधी आमिष दाखवून झाले, मग कोठडी आणि मारहाण. छळ असह्य झाला तेव्हा त्यांनी तुरुंगातच जीव देण्याचा प्रयत्न केला. खोटे बोलून सुटण्याचा मार्ग त्यांनी घेतला नाही. अखेर त्यांची सुटका झाली. लठ्ठे यांनी कोल्हापूरची नोकरी सोडली आणि ते बेळगावला जाऊन वकिली करू लागले.

या प्रसंगात तिघे आहेत, आणि तिघेही थोर. ज्या राजाने हाकललेल्या मुलाला आसरा दिला, त्याच राजाच्या पोलिसांनी त्या मुलाला झोडपले. ज्याने त्या मुलाला दाराबाहेर काढले, त्याची अब्रू त्या मुलाने आपल्या अंगावर वळ घेऊन राखली. कथेत असे लिहिले तर वाचक जुळवाजुळव म्हणेल.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य-अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत ‘न्यासापहार’ म्हणजे ठेव बुडवणे हा व्यापाऱ्याला नेमका लागू पडणारा, आणि ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख करणे हाही. प्रवचनात या शब्दाचा अर्थ सांगताना खोटी वही, खोटा दस्त, खोटी पावती अशी उदाहरणे दिली जातात. खोट्या इतिहासाचे उदाहरण सहसा दिले जात नाही. पण इतिहास हीसुद्धा एक वहीच आहे. कोणाच्या नावे काय जमा, काय खर्च, हे तीत लिहिलेले असते, आणि ज्याच्याविरुद्ध नोंद करायची तो बहुधा हयात नसतो. दहा वर्षांनी लठ्ठे यांच्यापुढे नेमकी अशी वही उघडली गेली.

तोवर ते सार्वजनिक जीवनात पुष्कळ पुढे आले होते. १९१६ साली ‘डेक्कन रयत असोसिएशन’ स्थापन झाली. लठ्ठे तिच्या अग्रणींपैकी एक. त्यांच्या जोडीला होते वालचंद कोठारी, हेही जैनच. हिंदुस्थानला राजकीय सुधारणा मिळणार, हे दिसू लागले होते. मिळणारी सत्ता मूठभर शिकलेल्यांच्या हाती न जाता शेतकरी आणि कष्टकरी वर्गालाही वाटा मिळावा, यासाठी ब्राह्मणेतर समाजांनी राखीव प्रतिनिधित्वाची मागणी लावून धरली. १९१९च्या कायद्याने मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या गेल्या, त्यामागे या खटपटीचा भाग होता. शाहू महाराज आणि लठ्ठे या चळवळीत एकाच बाजूला उभे होते. डांबराचा डाग दोघांनीही मागे टाकला होता. नव्या सुधारणांनंतर लठ्ठे मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद झाले.

६ मे १९२२ रोजी मुंबईत शाहू महाराजांचे अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या आत निधन झाले. आणि १९२४ मध्ये त्यांचे विस्तृत इंग्रजी चरित्र दोन खंडांत प्रसिद्ध झाले. चरित्रकार होते अण्णासाहेब लठ्ठे. लवकरच मराठीतही त्यांनी महाराजांचे चरित्र वाचकांच्या हाती दिले.

क्षणभर थांबून याचा विचार करावा. ज्या राज्यात आपल्यावर राजद्रोहाचे किटाळ आले, जिथली नोकरी सोडावी लागली, जिथे आपल्याविरुद्ध खोटी साक्ष मिळवण्यासाठी एका तरुणाला मरणाच्या दारापर्यंत नेले गेले, त्या राज्याच्या अधिपतीचे चरित्र लिहायला बसायचे. राजा मृत, उत्तर द्यायला येणार नाही. पुण्याची वृत्तपत्रे त्या राजावर अजून तुटून पडत होती. वेदोक्त प्रकरणापासून चाललेली ती लढाई महाराजांच्या मृत्यूने संपली नव्हती. एखाद्या दुखावलेल्या माणसाला मनातला हिशेब चुकता करण्यासाठी याहून सोयीची वेळ नव्हती. लठ्ठे यांनी ती वेळ तशी वापरली नाही. वेदोक्ताचा वाद, राखीव जागा, वसतिगृहे, १९१७चे सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, कुलकर्णी वतनांचा निकाल, अस्पृश्योद्धाराची धडपड: महाराजांचे काम त्यांनी त्या काळच्या पत्रव्यवहाराच्या, भाषणांच्या आणि सरकारी कागदांच्या आधारे उभे केले. चरित्र आधी इंग्रजीत लिहिण्यालाही अर्थ होता. महाराजांची बदनामी मराठीत जेवढी झाली, तेवढीच ती मुंबईच्या आणि लंडनच्या दप्तरांतही पोहोचली होती. उत्तर तिथवर जायला हवे होते.

हा ग्रंथ निर्दोष नाही. तो महाराजांच्या बाजूने लिहिलेला आहे आणि बाजू लपवतही नाही. मृत्यूनंतर दोन वर्षांत लिहिलेल्या चरित्रात जी भक्ती आणि जी कळ असते, ती त्यात आहे. लेखक स्वतः ज्या चळवळीत होता, तिचाच इतिहास तो सांगतो आहे. म्हणजे वकीलही तोच आणि साक्षीदारही तोच. ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच वर्षांत राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले, याकडेही टीकाकार बोट दाखवू शकतात. ज्या दरबारातून संशयित म्हणून बाहेर पडावे लागले, त्याच दरबाराचा सर्वोच्च अधिकारी म्हणून परतणे ही त्यांच्या आयुष्यातील विलक्षण भरपाई होती, आणि चरित्रलेखन या भरपाईच्या आधी झाले होते एवढेच त्यांच्या बाजूने म्हणता येईल. पण दोष मान्य करूनही एक गोष्ट उरते. कागद अजून जागेवर होते, माणसे हयात होती, तेव्हाच कोणीतरी ते सारे एकत्र करून ठेवले. पुढे धनंजय कीर यांच्यासारख्या चरित्रकारांनी शाहू महाराजांवर लिहिले, तेव्हा त्यांना लठ्ठे यांच्या ग्रंथाकडे पुनःपुन्हा वळावे लागले. शाहू महाराजांच्या नावाने आज जे चौक, जी विद्यापीठे आणि जे उत्सव आहेत, त्यांच्या खाली कुठेतरी हे दोन खंड आहेत.

व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने लठ्ठे यांच्या आयुष्यातले आणखी एक पर्व सांगण्यासारखे आहे, कारण त्यात ते आपल्या बाजूने नव्हते. १९३७ साली प्रांतिक स्वायत्ततेनुसार बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात आले. लठ्ठे एव्हाना काँग्रेसमध्ये आले होते आणि या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. मंत्रिमंडळाने दारूबंदी हाती घेतली. अबकारी खात्याचे मंत्री होते डॉ. गिल्डर, पारशी गृहस्थ. आणि दारूच्या उत्पन्नावर पाणी सोडल्यावर तिजोरी भरण्याची जबाबदारी आली एका जैन अर्थमंत्र्यावर. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. त्या वर्षी लठ्ठे यांनी शहरी स्थावर मालमत्तेवर भाड्याच्या वार्षिक उत्पन्नाच्या दहा टक्के दराने कर बसवला. मुंबईचे चाळमालक, इमारतमालक, विश्वस्त संस्था खवळून उठल्या. दारू मी पीत नाही, मग दारूबंदीचा भुर्दंड मी का सोसावा, हा युक्तिवाद त्यांत होता आणि तो वरवर पाहता बिनतोड होता.

जैन अर्थमंत्र्याला या युक्तिवादाचे उत्तर देणे विशेष अवघड नव्हते. मद्यत्याग हा श्रावकाच्या मूलगुणांपैकी एक. तो स्वतः पाळणे फुकट असते. दुसऱ्याच्या घरातून दारू जावी असे खरोखर वाटत असेल तर त्याची किंमत कोणीतरी मोजावी लागते, आणि ज्याच्याकडे भाड्याची इमारत आहे त्याने ती मोजावी, असा त्या अंदाजपत्रकाचा रोख. दारूबंदीचा तो प्रयोग पुढे कसा चालला, किती अंगलट आला, हा वेगळा विषय. नोव्हेंबर १९३९ मध्ये, युद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. मात्र शहरी मालमत्तेवर असा बोजा टाकणारा अर्थमंत्री शेतकरी जैनांच्या घरातून आला होता, ही गोष्ट त्या काळच्या मुंबईतील शेठ मंडळींना चांगलीच जाणवली असणार.

इकडे भाऊरावांचे काय झाले? नोकरी, किर्लोस्करांचे नांगर विकण्याची फिरस्ती, साताऱ्याच्या कूपर कारखान्यातील दिवस असे करत करत त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली, म्हणजे लठ्ठे यांचे शाहू-चरित्र प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, त्यांनी साताऱ्यात वसतिगृह उघडले. त्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, ब्राह्मण अशी सगळी मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीला जेवत. पैसा संपला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण झाले : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. ज्याला एका वसतिगृहाच्या उंबऱ्यावरून परत फिरवले गेले, त्याने उंबऱ्याचा प्रश्नच उरणार नाही असे घर बांधले, आणि ज्याच्या पोलिसांनी छळ केला त्याच राजाचे नाव त्या घराला दिले.

लठ्ठे यांनी वहीत जे केले, तेच भाऊरावांनी विटा-मातीत केले, असे म्हटले तर लठ्ठे यांना झुकते माप दिल्यासारखे होईल. भाऊरावांची झेप मोठी होती. लठ्ठे यांच्या पिढीने ज्या त्या समाजाला ज्याच्या त्याच्या वसतिगृहात शिकवले. ती पायरी त्या काळी आवश्यक होती. भाऊराव त्या पायरीवर थांबले नाहीत. तथापि ती पायरी नसती, कुंभोज-ऐतवड्याकडचा मुलगा कोल्हापुरात येऊन राहिलाच नसता, तर पुढची झेप कोठून घेतली जाणार होती, हेही विचारता येते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने मुलांच्या वसतिगृहांबरोबर श्राविकाश्रम चालवले, विधवा आणि निराधार स्त्रियांना शिक्षणाची वाट दाखवली. या कामांची नोंद मोठ्या इतिहासग्रंथांत क्वचितच मिळते. ती सभेच्या अहवालांत आणि जुन्या मासिकांच्या पिवळ्या पानांत पडून आहे.

आणि येथे मराठवाड्यातील जैन समाजाचा विषय निघतो. या भागातील समाजाने निजामी राजवट पाहिली, १९४८ची पोलीस कारवाई पाहिली, रझाकारांच्या दिवसांत दुकानांना कुलूप लावून सरहद्दीपलीकडे गेलेली आणि न गेलेली कुटुंबे पाहिली. औरंगाबादचे माणिकचंद पहाडे यांच्यासारख्या जैन वकिलाने हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला. त्यांच्या नावाचे विधी महाविद्यालय शहरात आहे. पण त्या दिवसांत गावोगावच्या पेढ्यांवर काय घडले, कोणी कोणाला धान्य दिले, कोणाच्या माळ्यावर कोण लपले, कोणाची ठेव कोणी सांभाळली आणि कोणाची बुडाली, याची लेखी नोंद किती घरांत आहे? त्या काळच्या वह्या जुन्या घराबरोबर रद्दीत जातात. मोडी वाचणारे आजोबा गेले की उरलेली वहीही मुकी होते. ज्यांनी ते दिवस स्वतः पाहिले, त्यांची वये आता नव्वदीच्या घरात आहेत. लठ्ठे यांना आपल्या चरित्रनायकाचे कागद दोन वर्षांच्या आत गोळा करता आले; येथे पाऊण शतक उलटून गेले आहे.

अण्णासाहेब लठ्ठे यांचे १९५० साली निधन झाले. कर्मवीर भाऊराव पाटील १९५९च्या मे महिन्यात गेले. सांगलीत लठ्ठे एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयात आज सर्व जातिधर्मांची मुले-मुली शिकतात. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे महाराष्ट्रभर पसरले आहे. कोल्हापुरात दसरा चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे. त्याच्या भोवती जुन्या वसतिगृहांच्या इमारती आहेत. त्यांत एक मुस्लिम बोर्डिंग आहे, आणि एक दिगंबर जैन बोर्डिंग.